वाजवी किंमत: घेणाऱ्याची आणि देणाऱ्याचीही



आपल्यातील काही भगिनी घरगुती मसाल्यांचे लहानसे ऑनलाइन दुकान सुरू करीत आहेत. माझी हयात परिचारिकेच्या सेवेत गेली. व्यापार मी केलेला नाही. परंतु वॉर्डातील औषधांचा चोख हिशेब ठेवण्याची सवय असल्याने दुकानाची वही माझ्याकडे आली. तिच्या आधारे दोन शब्द बोलते.

वायिक्राच्या २५व्या अध्यायात आज्ञा आहे की, विकताना वा विकत घेताना एकमेकांस नाडू नये. यालाच ‘ओनाआ’ म्हणतात. मिश्नाने त्यास माप लावून दिले: बाजारभावाचा सहावा भाग. आपण विसरतो ते हे, की हा नियम गिऱ्हाइकाइतकाच विक्रेत्याच्याही रक्षणासाठी आहे.

आता उदाहरण घेऊ. २५० ग्रॅम मसाल्याच्या पाकिटास साहित्य १४ शेकेल, पिशवी व लेबल २ शेकेल. भगिनी म्हणाल्या, “सोळा खर्च, वीस भाव, आपल्याच माणसांकडून अधिक काय घ्यायचे?” मी विचारले, “निवडणे, भाजणे, दळणे, भरणे यांचे काय?” बारा पाकिटांस तीन तास लागतात. ताशी ३६ शेकेल धरल्यास पाकिटामागे ९ शेकेल श्रमाचे. वीज, खराब होणारा माल आणि कार्डाने पैसे घेण्याचे शुल्क मिळून आणखी ३. म्हणजे खरा खर्च २८. वीस शेकेलला विकलेले प्रत्येक पाकीट आठ शेकेल गिळते, आणि ते जातात बाईच्या श्रमांतून.

जाणूनबुजून स्वस्त देणे हे दान होय. हिशेब न मांडता स्वस्त देणे ही स्वतःचीच फसगत होय.

भाव ३५ ठेवला तर सात शेकेल उरतात. हे सात खर्चाच्या पंचवीस टक्के असले, तरी किमतीच्या वीसच टक्के आहेत. सणानिमित्त वीस टक्के सूट दिली की नफा शून्य. सूट जाहीर करण्यापूर्वी हा हिशेब करावा.

‘ओसेक पातुर’ म्हणून नोंद असेपर्यंत आपण गिऱ्हाइकाकडून मआम घेत नाही. उलाढाल मर्यादेपलीकडे गेली, की जानेवारी २०२५ पासूनच्या अठरा टक्के दराने त्याच ३५ शेकेलांतील ५.३४ कराचे होतात. खरेदीवरील कर वजा मिळतो. स्वतःच्या श्रमांवर वजावट नसते. भाव ठरवताना हा दिवस दृष्टीसमोर असावा. पोहोचवण्याचा खर्चही पैसे भरण्यापूर्वीच स्पष्ट दाखवावा.

आणि बाजारात तसेच पाकीट २४ शेकेलला मिळत असेल तर? तर ३५ मागणे योग्य नव्हे. एका वेळी अधिक माल करून खर्च उतरवावा, अथवा आपल्याच हाताची चव असलेला दुसरा पदार्थ निवडावा.

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथला घाणा थांबे, चूल मात्र सातही दिवसांची असे. सहा दिवसांच्या तेलातूनच सातव्या दिवसाची भाकरी निघावी लागे. आपले दुकानही शब्बाथला बंद राहील. म्हणून भगिनींनो, किंमत लिहिताना संकोच नको. वही उघडून दाखवता येईल अशी किंमत लिहा.

शालोम.