दळणाआधी निवडलेलं बरं



रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की खरखर येते. आवाज वाढवला तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. क्षीण संदेश मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर असाच असतो. वर स्वतःचीही थोडी खरखर घालतो. जात्यात खडा गेला की पीठ कितीही चाळा, भाकरी कचकचतेच. म्हणून संदेश ज्यात आधी शिरतो, तो पहिला अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ हवा.

ही खरखर बरीचशी उष्णतेची. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत थरथरत असतात. आपल्या बल्लारपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र काही उपकरणं उणे २७२ अंशांच्याही खाली चालतात. इतक्या थंडीत अ‍ॅल्युमिनियम, आपल्या पातेल्यांचाच धातू, विजेला अजिबात अडवत नाही. यालाच अतिवाहकता म्हणतात.

तिथे डॉ. आर. विजय यांचा गट असे अतिवाहक अ‍ॅम्प्लिफायर घडवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली, वयाच्या २२व्या वर्षी, अशा जोडाचं गणित मांडलं. म्हणून त्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात.

नागपंचमीचा झोका आठवा. उभ्याने झोका चढवताना आपण एका फेरीत दोनदा बसतो-उठतो. कुणी ढकलत नाही, तरी झोका उंच जातो. इथेही बाहेरून सोडलेली मायक्रोवेव्ह लहर जंक्शनला तसाच ठेका देते आणि मुळातली बारीकशी लहर मोठी होते. खरखर पूर्ण जात नाही. निसर्गाने ठरवलेली किमान तेवढी उरते.

एवढा खटाटोप कशाला? क्वांटम संगणकातला क्यूबिट आपलं उत्तर अतिशय क्षीण मायक्रोवेव्हमधून देतो, आणि त्याची अवस्था क्षणात विरते. पुन्हा पुन्हा विचारत बसायला वेळच नसतो. पहिल्याच खेपेला ऐकू यावं लागतं. २०१५ साली या गटाने एकाच वेळी बरीच रुंद पट्टी ऐकणारा अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसोबत या संस्थेने सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या मुलींना या संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते, शिकताना विद्यावेतनही मिळतं. घरात अशी मुलगी असेल, तर हे तिला जरूर सांगा.