बोरीकाठी आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक आणि गावोगावाहून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

समस्त अमळनेरकरांच्या वतीने रामराम. मी सरकी-ढेपेचा व्यापारी. ‘गुणांपलीकडचा नागरिक’ हा आपल्या अधिवेशनाचा विषय पत्रिका छापताना मी तीनदा वाचला. त्यावर बोलायचा अधिकार मला नाही. मॅट्रिकला पडलेले माझे गुण या मांडवात सांगण्यासारखे नाहीत. गावाविषयी मात्र चार शब्द बोलू द्या.

वैशाखात याल तर बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांची यात्रा दिसेल. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, तीच आजची विप्रो. तिचे शेअर धरून बसले ते तरले. आमच्या वडिलांनी विकून बैलजोडी घेतली. बैल चांगले होते, एवढंच म्हणतो. १९५२ नंतर २०२४ साली साहित्य संमेलनही पुन्हा इथेच भरलं. पण माझा जीव तत्त्वज्ञान मंदिरात. प्रतापशेठ कापडगिरणीचे मालक. त्यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये ते उभं राहिलं. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते, मलकानी इथूनच इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक चालवीत. गिरणीचा भोंगा कधीच थांबला, मंदिर मात्र आहे. मधल्या सुटीत जाऊन याच. रिक्षा ठरवली आहे.

त्याच मंदिरात शिकायला कोकणातून एक तरुण आला आणि १९२४ साली इथल्या हायस्कुलात मास्तर झाला. साने गुरुजी आपल्याला ठाऊक आहेत ते ‘श्यामची आई’चे. आम्हांला ते छात्रालयाचे. मुलं बाहेर गेली की गुरुजी खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, कपड्यांच्या घड्या करत, कंदिलाच्या काचा पुसत. कुणाला बोलत नसत. परत आल्यावर आपल्या कंदिलाची काच लखलखीत पाहून पोरांना काय वाटत असेल? दुसऱ्यांदा काजळी ठेवायची हिंमत कोण करील? शिवाय हाताने लिहिलेलं ‘छात्रालय’ दैनिक असे. जगात काय चाललंय ते मुलांना त्यातून कळे. याची परीक्षा नव्हती, की गुणपत्रिकेत रकाना नव्हता. १९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे सहाच वर्षं. माझ्या दुकानात हिशेबनीस याहून जास्त टिकतात. पण कंदिलाची गोष्ट अजून आमच्या घरोघरी सांगतात. आपल्या विषयाशी तिचा काही संबंध लागत असेल, तर तो जाणकारांनी लावावा.

आता उणिवा. पंखे भाड्याचे आहेत, त्यांतले चार सकाळपासून रुसले आहेत. पाण्याचा टँकर उशिरा आला, त्यामुळे भगिनींची अंघोळीची आबाळ झाली; त्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. निवासात गाद्या कमी पडल्या, तेव्हा शेजारच्या घरांनी रात्री साडेदहाला आपल्या गाद्या डोक्यावरून आणून दिल्या. खाटा म्हणाल तर नाहीतच. पिशव्यांचा रंग ठरला एक, आला दुसरा.

देणगीदारांची यादी लांब आहे आणि मला वाचायचीच आहे, पण कार्याध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. म्हणून थोडक्यात: धान्य मार्केटच्या व्यापाऱ्यांनी गहू आणि डाळ दिली, तेलवाल्यांनी तेल. गिरणीच्या जुन्या कामगारांनी पेन्शनमधून वर्गणी काढली, आणि ती घेताना माझा हात अवघडला. मांडवाचं भाडं एका गृहस्थांनी सोसलं. नाव घेऊ नका असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून घेत नाही. ते दुसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसले आहेत. आणि पहाटे चारपासून चुलीशी असलेल्या आमच्या मायबहिणी. खापरावरचे मांडे त्यांच्याच हातचे आहेत.

शेवटची सूचना. वाढपी मुलं आठवी-नववीची आहेत. कुणाचंही उष्टं ताट उचलायचं नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. ताटं ठेवायची टोपली पिंपळाखाली आहे. मांडे गार व्हायच्या आत उद्घाटन उरकावं, अशी अध्यक्षांना नम्र विनंती.