मेंदूतली फट

हेडफोन लावलेत? चला, आज थेट मेंदूत शिरू.

लहान मेंदूच्या पुढ्यात एक छोटी पोकळी असते, चौथं व्हेंट्रिकल. तिथे गाठ झाली की पूर्वी सर्जन लहान मेंदूचा मधला भाग चिरून आत जायचे. गाठ निघायची, पण काही पेशंटचा तोल जायचा. काही मुलांचं तर बोलणंच बंद व्हायचं.

तोशिओ मात्सुशिमा हे जपानी न्यूरोसर्जन फ्लोरिडाला अल्बर्ट रोटन यांच्या लॅबमध्ये गेले. तिथे पेशंट नाहीत. मृतदेहाच्या मेंदूतल्या धमन्यांत लाल, शिरांत निळा रंग भरायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं, तासन्‌तास! १९८२ मध्ये त्यांचा लेख आला. लहान मेंदू आणि खालचा देठ यांच्यामध्ये निसर्गानंच फट ठेवलीय. ती अलगद उघडली की चिरायची गरजच नाही. मात्सुशिमांनी पुढे जपानमध्ये याच वाटेने ऑपरेशनं केली.

पण सरावासाठी एवढ्या लांब? जपानमध्ये देहदानाचा कायदा १९८३ चा, तोही वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शिक्षणापुरता. तयार सर्जनने मृतदेहावर हात बसवावा का, हे धूसरच राहिलं. त्याची मार्गदर्शक नियमावली आली २०१२ मध्ये. हो, २०१२!