अर्थशास्त्र घेऊन पुढें काय?

(नभोवाणीवरील भाषण)



बारावीचे निकाल लागले कीं घरोघरीं पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते, आणि ज्या मुलानें अथवा मुलीनें अर्थशास्त्र हा विषय घेण्याचें मनांत आणलें असेल, त्यांना एक प्रश्न जरा कडक स्वरांत ऐकावा लागतो : "हें घेऊन पुढें काय?" वैद्यकीच्या विद्यार्थ्यास असें कोणी विचारीत नाहीं; त्याचें उत्तर त्याच्या पदवीच्या नांवांतच असतें. अर्थशास्त्राचें तसें नाहीं. घराच्या दारावर 'अर्थशास्त्रज्ञ' अशी पाटी लावून कोणी बसत नाहीं, आणि बसलाच तर ती पाटी वाचून गिऱ्हाईक येणार नाहीं. तेव्हां वडील मंडळींचा प्रश्न वावगा मुळींच नाहीं. त्याचें सरळ उत्तर देण्याचा आज माझा विचार आहे. तें सर्वस्वीं गोड असेल असें मात्र आश्वासन देतां येत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्थशास्त्र ही पैसा मिळविण्याची विद्या नव्हे, आणि जमाखर्च लिहिण्याचीहि नव्हे. त्यासाठीं वाणिज्यशाखा आहे. मग या शास्त्रांत शिकतात तरी काय? एक उदाहरण घेऊं. इ. स. १६९९ मध्यें चार्ल्स डॅव्हेनंट नांवाच्या इंग्रज लेखकानें एक आंकडेवारी छापली. तिचा आशय असा कीं, धान्याचें पीक एक दशांशानें घटलें तर भाव तीन दशांशांनीं चढतो. आतां हिशेब करून पाहा. शंभर मण धान्य दहा रुपये मणानें विकलें तर हजार रुपये येतात. नव्वद मणच पिकलें आणि भाव तेरा रुपये झाला, तर अकराशें सत्तर येतात. म्हणजे माल कमी, आणि साऱ्या शेतकऱ्यांच्या हातीं मिळून पैसा अधिक! उलट, ज्या वर्षीं देवाची कृपा होऊन कोठारें भरतात, त्याच वर्षीं शेतकरी बुडतो. अर्थात् ज्याचें स्वतःचेंच पीक गेलें त्याला चढ्या भावाचा काय उपयोग? सर्वांचें हित आणि एकेकाचें हित यांत असें अंतर कां पडतें, हें ज्याच्या मनाला एकदां लागलें, तो या शास्त्राचा विद्यार्थी झाला असें समजावें. पुस्तकांत याच गोष्टीला मागणीची लवचिकता असें भारदस्त नांव आहे.

हें उदाहरण कोणास फार जुनें वाटेल, तर त्यानें लासलगांवच्या कांदा-बाजाराकडे दृष्टि टाकावी. उन्हाळ कांदा मार्च ते मे या महिन्यांत निघतो आणि चाळींत साठवून दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडा थोडा विकला जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. डिसेंबरांत निर्यातच बंद केली. २०२४ च्या मे महिन्यांत ती पुन्हां खुली केली, पण तिच्यावर ४० टक्के कर लावला. सप्टेंबरांत तो २० टक्क्यांवर आणला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तो काढून टाकला. आतां हा कर कोणी भरला? व्यापाऱ्यानें भरला, हें उत्तर कचेरींतल्या कारकुनाचें झालें. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुढें विचारतो : परदेशांतल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडून कांदा मिळत होता काय? मिळत असेल, तर तो जास्त भाव देणार नाहीं, आणि कराचा भार मागें सरकत सरकत चाळीच्या मालकावर येऊन पडेल. मुंबईंतल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळाला असेल, तर तो किती, आणि तेवढ्यासाठीं नाशिक जिल्ह्यानें किती सोसलें? हें मापतां येतें. तें मापण्याची रीत शिकणें म्हणजेच हें शास्त्र शिकणें होय.

'मापणें' हा शब्द मीं हेतुपुरस्सर वापरला, कारण मुख्य अडचण तेथेंच आहे. आपल्याकडील पुष्कळशी मुलें दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कलाशाखेंत येतात, आणि तेथें अर्थशास्त्र घेतात. गणित नको म्हणून हा विषय घ्यावा, असा सल्लाहि त्यांना कोणीतरी दिलेला असतो. बी. ए. ची परीक्षा अशा रीतीनें पार पडते, चांगले गुणहि मिळतात. परंतु पुढच्या पायरीवर दार बंद असतें. मुंबईंत रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था घ्या, किंवा भारतीय सांख्यिकी संस्था घ्या. तेथील प्रवेशपरीक्षेंत गणित असतें, आणि तें साधें बेरीज-वजाबाकीचें नव्हे. ज्या मुलाला कलनशास्त्राचा श्रीगणेशाहि ठाऊक नाहीं, तो तेथें प्रश्नपत्रिका पाहूनच परत येतो. बुद्धीनें तो उणा असतो असें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं प्रवेशाच्या वेळीं त्याला एक वाक्य कोणी सांगितलें नाहीं, एवढाच त्याचा अपराध! शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला तें वाक्य घरींच ऐकूं येतें. तालुक्याच्या गांवच्या मुलाला तें कोणी सांगावें? म्हणून आज तेंच मी या ध्वनिक्षेपकासमोर मोठ्यानें सांगतों आहें : अर्थशास्त्र घ्यावयाचें असेल तर गणित सोडूं नका. अकरावी-बारावीला कलाशाखेंतहि गणित घेतां येतें, मात्र त्याची सोय असलेलें महाविद्यालय शोधावें लागतें. तें जमलें नाहीं, तर पदवीला संख्याशास्त्र घ्यावें. आणि तेंहि हुकलें असेल, तर बी. ए. च्या पहिल्याच वर्षीं रोज एक तास याप्रमाणें सहा महिने कलनशास्त्राला द्यावे. शिकविणारीं व्याख्यानें सरकारच्या 'स्वयं' या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

आतां उद्योगांकडे वळूं. या विषयाची वाट सरळ नसते, हें थोरांच्या चरित्रांवरूनहि दिसतें. डॉक्टर आंबेडकर १९१२ सालीं एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले, पुढें सिडनहॅम महाविद्यालयांत त्यांनीं हाच विषय शिकविला, आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठीं लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविली. त्यांची कीर्ति मात्र कायद्याच्या आणि समाजकारणाच्या क्षेत्रांत झाली. याच्या उलट चिंतामणराव देशमुखांचें. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर केंब्रिजला शिकले तें सृष्टिशास्त्र! धनंजयराव गाडगीळ यांनीं मात्र ही वाट धरली ती सोडली नाहीं. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हांपासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून प्रवरेच्या काठीं सहकारी साखर कारखाना उभा करण्यांतहि त्यांचा वांटा होता. अभ्यासिकेंतला मनुष्य उसाच्या शेतकऱ्यांच्या बैठकींत बसतो, हें चित्र मला फार मोलाचें वाटतें.

नुसत्या बी. ए. वर काय मिळतें? बँकांच्या, लोकसेवा आयोगांच्या परीक्षांना बसतां येतें. पण तेथें कोणताहि पदवीधर चालतो. अर्थशास्त्र घेतलेल्याला कांहीं प्रश्न सोपे जातात, इतकेंच. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यांत कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा असते. तिच्यासाठीं बारावीच्या गणितांत चांगले गुण किंवा पदवीला संख्याशास्त्र लागतें. पुन्हां तेंच! खरा या विषयाचा म्हणतां येईल असा व्यवसाय एम. ए. नंतर सुरू होतो. भारतीय आर्थिक सेवा १९६१ सालीं निर्माण झाली. तिच्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि वयाची मर्यादा २१ ते ३० वर्षांची आहे. मान मोठा, काम महत्त्वाचें. पण जागा इतक्या थोड्या कीं कांहीं वर्षीं वीसहि भरत नाहींत. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची भरती वेगळी होते. तेथेंहि स्पर्धा तशीच तीव्र. प्राध्यापकी करूं इच्छिणाऱ्यानें नेट किंवा सेट परीक्षा दिली म्हणजे झालें असें समजूं नये. महाराष्ट्रांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें शिकविणारे विद्वान् थोडे नाहींत, आणि त्यांच्या मिळकतीविषयीं येथें न बोललेलेंच बरें.

एक क्षेत्र मात्र गेल्या पंचवीस वर्षांत नव्यानें खुलें झालें आहे, आणि तें आपल्या मुलांना ठाऊक नाहीं. सरकारी वा खाजगी संस्थांनीं चालविलेल्या योजनांचा खरोखर उपयोग होतो कीं नाहीं, हें गांवोगांव जाऊन तपासण्याचें तें काम होय. मुंबई व बडोदें येथें 'प्रथम' संस्थेनें मागें पडलेल्या मुलांसाठीं 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तींतल्याच तरुण मुली या मुलांना रोज दोन तास वाचन-गणित शिकवीत. त्यानें फरक किती पडला हें अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह मोजून काढलें. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल स्मृतिपारितोषिक मिळालें. अशा पाहण्यांना प्रश्नावली घेऊन घरोघर जाणारीं, आणि आलेलीं उत्तरें संगणकावर पारखणारीं माणसें लागतात. येथें मराठी भाषा ही अडचण नसून भांडवल आहे; नंदुरबारच्या पाड्यावर जाऊन चार शब्द नीट विचारणें दिल्लीच्या पदवीधराला साधत नाहीं. पगार आरंभीं बेताचाच असतो, आणि नोकरी कायमची नसते, हेंहि सांगितलें पाहिजे.

यावरून पालकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या वाटेवर एकूण पांच वर्षें धरून चालावें लागतें. ज्या घरांत एकविसाव्या वर्षीं मुलाच्या पगाराची निकड आहे, त्या घरानें हा हिशेब आधींच करावा. हा विषय घेऊंच नये असें माझें म्हणणें नाहीं. परंतु मग बी. ए. च्या जोडीला संगणकावरील आंकडेमोड किंवा हिशेबनिसी असें हातचें कसब अवश्य शिकून घ्यावें. मुलींच्या बाबतींत पुष्कळ घरांतून ही पांच वर्षें तिसऱ्या वर्षींच तोडलीं जातात. ज्या विषयाचें फळ पांचव्या वर्षीं येतें त्याचें झाड तिसऱ्या वर्षीं कापावयाचें, आणि मग फळ आलें नाहीं म्हणून विषयाला दोष द्यावयाचा, हा न्याय कोठला?

हा विषय आपल्याला मानवेल कीं नाहीं हें प्रवेशापूर्वीं कसें ओळखावें, असें मला पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्यासाठीं एक सोपा प्रयोग आहे. राज्य कृषि पणन मंडळ बाजारसमित्यांतील भाव दररोज प्रसिद्ध करतें. आपल्या तालुक्यांतलें एखादें पीक, तूर म्हणा, कांदा म्हणा, निवडावें. त्याचे गेल्या तीन वर्षांचे महिनेवारी भाव आणि आवक वहींत उतरून घ्यावी, आणि चौकटीच्या कागदावर दोन्हींचे आलेख काढावे. भाव कोणत्या महिन्यांत पडला, त्या वेळीं आवक किती होती, आणि गांवचा वाणी त्याच आठवड्यांत तोच माल कितीस विकत होता, हें विचारून यावें. याला दोन सुट्ट्यांचे दिवस पुरतात. वही भरतांना तिसऱ्या सुट्टीचीहि गरज वाटूं लागली, तर अर्ज भरण्यास हरकत नाहीं.