मातृत्व, वर्ग आणि भगिनीभाव : वेल्समधील स्त्रियांचे मतभेद
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



वेल्समधील स्त्रियांचे आपापसांतील मतभेद हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असे कोणालाही वाटेल. तथापि तो या वास्तूत मांडण्यास एक कारण आहे. दक्षिण वेल्सच्या कोळसाखोऱ्यांत खाणकामगारांनी आपल्या पगारातून पैसा-पैसा कापून देऊन वाचनालये उभी केली. ट्रेडेगरच्या अशाच एका वाचनालयात वाचून ॲन्युरिन बेव्हन घडले आणि पुढे त्यांनी 1948 मध्ये ब्रिटनला राष्ट्रीय आरोग्यसेवा दिली. ही वाचनालये म्हणजे कामगारांची विद्यापीठेच होती. पण तेथील सभासदत्व बहुतांशी पुरुषांचे असे. ज्या पगारातून वर्गणी कापली जाई, तो मिळवणाऱ्या माणसाला रोज उभे करणारी स्त्री मात्र वाचनालयाच्या उंबऱ्याबाहेर होती. वर्गाची एकजूट आणि स्त्रीची जागा यांतला हा ताण आजच्या विषयाचा गाभा आहे.

या कथेचा आरंभ 1847 पासून करावा लागतो. त्या वर्षी तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाचा अहवाल सादर केला. त्यात वेल्श भाषा आणि लोकांचा धर्मपंथ यांना नावे ठेवली होतीच, शिवाय वेल्श स्त्रियांच्या शीलावरही शिंतोडे उडवले होते. ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने तो अहवाल आजही वेल्समध्ये ओळखला जातो. या अपमानाला उत्तर म्हणून वेल्श समाजाने स्त्रीची एक प्रतिमा घडवली. ती धर्मशील, काटकसरी, घर लखलखीत ठेवणारी, मुलांवर संस्कार करणारी माता होती. 1850 मध्ये ‘अ गमरेस’, म्हणजे ‘वेल्श स्त्री’, हे मासिक निघाले, तेही याच हेतूने. त्याचे संपादक पुरुष होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राष्ट्राची अब्रू स्त्रीच्या पदरात बांधली गेली की त्या पदराला गाठ किती घट्ट बसते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

कोळशाच्या भरभराटीच्या काळात हीच प्रतिमा ‘वेल्श मॅम’ म्हणून स्थिर झाली. मॅम म्हणजे आई. तिचे पुष्कळ गोडवे गायले गेले, पण तिच्या दिवसाचा हिशेब फार थोड्यांनी मांडला. तो मांडणाऱ्यांपैकी एक होत्या एलिझाबेथ अँड्र्यूज. 1882 मध्ये खाणकामगाराच्या घरी, अकरा भावंडांत त्यांचा जन्म झाला. शाळा लवकर सुटली, पुढे त्यांनी शिवणकाम केले आणि 1919 मध्ये त्या मजूर पक्षाच्या वेल्समधील स्त्री-संघटक झाल्या. त्याच वर्षी खाणउद्योगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांची एक मागणी होती : खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे बांधा.

मागणी किरकोळ वाटेल, पण तिच्यामागचे वास्तव पाहावे. कामगार काळ्या धुळीने माखलेला घरी येई. एका घरात नवरा, मुलगे आणि भाडेकरू असे तिघे-चौघे वेगवेगळ्या पाळ्यांत काम करीत. प्रत्येकासाठी चुलीवर पाण्याची जड भांडी चढवायची, उतरवायची, टबात ओतायची, कपडे वाळवायचे आणि पुन्हा घर पुसायचे. गरोदरपणीही यातून सुटका नव्हती. या ओझ्याने गर्भपात होतात आणि उकळत्या पाण्याने मुले भाजतात, ही गोष्ट अँड्र्यूज यांनी आयोगापुढे ठेवली. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या समाजात मातृत्वाचा घात घरातल्या पाण्याच्या हंड्याने होत होता. न्हाणीघरे हा खाणमालकाच्या नफातोट्याचा विषय समजला जाई. त्यांनी तो मातेच्या जिवाचा विषय करून दाखवला.

याच भूमीत दुसरी एक स्त्री वाढली, मार्गारेट हेग टॉमस, पुढे लेडी ऱ्होंडा. वडील डी. ए. टॉमस हे मोठे खाणमालक होते. 1910 मध्ये टोनीपँडी येथे ज्या समूहाच्या खाणींवरून संघर्ष पेटला, तो समूह त्यांचाच. कन्या मताधिकाराच्या लढ्यात उतरली, 1913 मध्ये टपालपेटी पेटवल्याबद्दल तुरुंगात गेली, तेथे तिने अन्नत्याग केला. 1920 मध्ये तिने ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक काढले आणि 1921 मध्ये ‘सिक्स पॉइंट ग्रुप’ स्थापन केला. त्याच्या सहा मागण्यांत विधवा माता, अविवाहित माता आणि मुलांच्या पालकत्वाचा समान हक्क यांचा समावेश होता. म्हणजे लेडी ऱ्होंडांना मातांची पर्वा नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मतभेद निराळ्या ठिकाणी होता. कायद्याने स्त्रीला पुरुषापेक्षा वेगळे मानू नये, ‘संरक्षण’ म्हणून तिच्या कामावर बंधने घालू नयेत, कारण संरक्षणाच्या नावाखाली तिची वाट अडवली जाते, असे समतावाद्यांचे म्हणणे. कारखान्यात राबणाऱ्या बाईला कायद्याचे संरक्षण हवेच, ते नको म्हणणे फक्त सुखवस्तू स्त्रीला परवडते, असे मजूर चळवळीतील स्त्रियांचे म्हणणे. एलिनॉर रॅथबोन यांनी तिसरी वाट काढली : मातृत्व हे समाजाचे काम आहे, तेव्हा त्यासाठी पैसा थेट मातेच्या हाती द्यावा. यावर कामगार संघटनांतील अनेकांना भीती वाटली की या निमित्ताने मालक मजुरी कमी करतील. अखेर 1945 मध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. मूळ मसुद्यात तो पैसा पित्याला मिळणार होता. स्त्रियांच्या आग्रहामुळे तो मातेच्या नावे झाला आणि दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले.

या वादाचे सर्वांत बोचरे रूप ऱ्होंडा खोऱ्यातच दिसले. मंदी आली, बेकारी वाढली आणि मजूर चळवळीचा बालेकिल्ला असलेल्या ऱ्होंडाच्या परिषदेने विवाहित शिक्षिकांना कामावरून कमी केले. शिक्षिका न्यायालयात गेल्या आणि 1923 मध्ये हरल्या. परिषदेचा युक्तिवाद ऐकताना क्षणभर न्याय्य वाटतो : एका घरात दोन पगार आणि शेजारच्या घरात चूल थंड, हे कसे चालेल? नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या अविवाहित मुलींना नोकऱ्या नव्हत्या, त्याही खाणकामगारांच्याच लेकी होत्या. तेव्हा येथे स्त्रीच्या हक्काविरुद्ध दुसऱ्या स्त्रीची गरज उभी करण्यात आली. पण एक प्रश्न कोणी विचारला नाही : दोन पगारांच्या घरातून पुरुष शिक्षकाला घरी बसवावे, असे कोणाच्या मनात का आले नाही? समान वाटपाचे तत्त्व फक्त विवाहित स्त्रीच्या ताटापुरते लागू होते. तिचे खरे काम घरी आहे, हे ‘मॅम’च्या प्रतिमेने आधीच ठरवून ठेवले होते. हा अडसर 1944 च्या शिक्षण कायद्याने दूर केला.

पुढील पिढ्यांत तोच प्रश्न नवी वस्त्रे नेसून आला. 27 ऑगस्ट 1981 रोजी ‘पृथ्वीवरील जीवनासाठी स्त्रिया’ या नावाने एक छोटा जथा कार्डिफहून पायी निघाला आणि अण्वस्त्रांच्या विरोधात ग्रीनहॅम कॉमन येथील हवाई तळापर्यंत गेला. तेथे स्त्रियांची छावणी वसली. डिसेंबर 1982 मध्ये सुमारे तीस हजार स्त्रियांनी त्या तळाला वेढा घातला आणि कुंपणावर मुलांचे कपडे, छायाचित्रे बांधली. आम्ही माता आहोत म्हणून आम्हांस शांती हवी, हे आवाहन अनेकींच्या काळजाला भिडले. पण काही जहाल स्त्रीवाद्यांनी 1983 मध्ये लेखी आक्षेप घेतला : शांतीची जबाबदारी पुन्हा मातेवरच का? जिला मूल नाही, तिला पृथ्वीबद्दल बोलण्याचा हक्क कमी आहे काय? दुसरीकडे, घर आणि मुले सोडून छावणीत राहणाऱ्या स्त्रियांना वृत्तपत्रांनी वाईट माता ठरवले. अशा प्रकारे मातृत्वाचा आधार घेतला तरी टीका आणि तो सोडला तरी टीका, अशी कोंडी झाली.

त्यानंतर 1984-85 चा खाणकामगारांचा संप आला. वर्षभर चाललेल्या त्या लढ्यात वेल्समधील स्त्रियांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, अन्नाची पाकिटे वाटली, सभांतून भाषणे केली. आपण पुरुषांच्या पाठीशी उभ्या आहोत की खांद्याला खांदा लावून, यावर त्यांच्यात वाद झाले. कित्येकींना ‘स्त्रीवादी’ हा शब्द शहरी, शिकलेल्या बायकांचा वाटे. तरी लंडनमधील समलिंगी स्त्रीपुरुषांनी डुलाइस खोऱ्याला मदत केली तेव्हा त्याच गृहिणींनी त्यांना घरी उतरवून घेतले. मात्र संप संपल्यावर या स्त्री-संघटनांना सहसभासदत्व देण्यास 1985 मध्ये खाणकामगार संघटनेने नकार दिला. हा नकार सहन करूनही काही जणी थांबल्या नाहीत. बॅनवेन येथे ‘डव्ह’ ही शिक्षणसंस्था उभी राहिली. शिकणाऱ्या आईच्या मुलासाठी तेथे पाळणाघर होते. मातृत्व आणि शिक्षण यांच्या वादाला इतके साधे आणि इतके खरे उत्तर मला दुसरे दिसत नाही.

आणखी एक फूट आपल्याला अधिक जवळची वाटेल. ब्रिटनमधील पहिले महिला ग्राममंडळ 1915 मध्ये वेल्समध्येच, अँगलसी बेटावर, स्थापन झाले. पण त्या संघटनेचा कारभार इंग्रजीत चाले. 1967 मध्ये बाला गावाजवळच्या पार्क येथील स्त्रिया त्यातून बाहेर पडल्या आणि त्यांनी ‘मेर्चेद अ वावर’, म्हणजे ‘पहाटेच्या स्त्रिया’, ही वेल्श भाषेतील संघटना काढली. पुढे 1971 मध्ये वेल्श बालवाड्यांची चळवळ संघटित झाली. भाषा टिकवण्याचे काम मुख्यतः मातांच्या अंगावर पडले. त्याचा त्यांना अभिमान होता आणि भारही होता.

श्रोतेहो, महाराष्ट्राबाहेर शंभर वर्षे मराठी जपणाऱ्या आपल्या समाजाला हा भार अनोळखी नाही. शाळा आणि बाजार दुसऱ्या भाषेत चालत असता घरातली मराठी कोणी राखली, याचे उत्तर आपण ‘मातृभाषा’ या शब्दातच देऊन टाकतो आणि मोकळे होतो. ज्या स्त्रीवर हे काम सोपवले, तिला वाचायला वेळ मिळतो काय, हे विचारायचे राहून जाते.

वेल्समधील या स्त्रिया एकमताने कधीच बोलल्या नाहीत. खाणमालकाची कन्या आणि खाणकामगाराची कन्या यांना मातृत्वाचा अर्थ एकच दिसणे शक्यही नव्हते. पण एकीने दार उघडण्याचा कायदा मागितला, दुसरीने पाण्याचा हंडा खाली ठेवण्याची सोय मागितली. हंडा डोक्यावर असताना उघड्या दाराचा उपयोग नाही, आणि दार बंद असेल तर हंडा उतरवून जायचे कुठे? मतभेद मिटवणे म्हणजे भगिनीभाव नव्हे. आपल्या मागणीची किंमत दुसरी कोणती स्त्री मोजते आहे, हे पाहण्याची तयारी म्हणजे भगिनीभाव. तेवढी तयारी असेल तर वाद चालू राहिले तरी चालतील, किंबहुना ते चालू राहावेत.