सहा कंपन्या, पाच वर्षं: कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा रेझ्युमे

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हे ऐकत असाल, तर आजचा एपिसोड खास तुमच्यासाठी. विषय आहे रेझ्युमे. पण फ्रेशरचा नाही आणि पर्मनंटवाल्यांचाही नाही. आज आपल्यासारख्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांबद्दल बोलू. म्हणजे काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या कंपनीकडून, आणि गळ्यातल्या आयडी कार्डाच्या दोरीचा रंग मात्र वेगळा!

आधी माझी गोष्ट सांगते. मी टेस्टिंगमध्ये आहे. एका शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, क्लायंटचं बजेट कमी झालंय, सोमवारी लॅपटॉप जमा करा. बेंच वगैरे काही नाही, त्या दिवसापासून पगार बंद. इकडे फ्लॅटचं भाडं, तिकडे गावी बाबांची औषधं. मी धडाधड चाळीस ठिकाणी अप्लाय केलं. फोन आले दोन.

त्यातल्या एकीने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, पाच वर्षांत सहा कंपन्या? कुठे टिकत नाही का तुम्ही?" मी समजावायला लागले, तेवढ्यात "ओके, कळवते" म्हणून तिने फोन ठेवला.

खूप राग आला. पण रात्री शांतपणे मी माझाच रेझ्युमे तिच्या नजरेने वाचला, आणि खरं सांगू? तिचं काहीच चुकलं नव्हतं. सहा क्लायंटची नावं मी सहा नोकऱ्यांसारखी एकाखाली एक लिहिली होती. प्रत्यक्षात पाच वर्षांत मला पगार देणाऱ्या कंपन्या होत्या फक्त दोन! बाकी सगळे प्रोजेक्ट्स. एकही मी अर्धवट सोडला नव्हता. पण हे कागदावर कुठे दिसतच नव्हतं.

तर पहिली गोष्ट ही. मथळा पेरोल कंपनीचा, क्लायंट त्याच्या खाली. कंपनीचं नाव, तारखा, कंसात "कॉन्ट्रॅक्ट". मग खाली प्रोजेक्ट एक, दोन, तीन. प्रोजेक्ट संपला असेल तर सरळ लिहा, "कॉन्ट्रॅक्टचा कालावधी पूर्ण". लपवू नका, त्यात लाज कसली? क्लायंटचं नाव उघड करायला करारात बंदी असेल, तर "एक मोठी खासगी बँक" किंवा "विमा क्षेत्रातला क्लायंट" एवढं पुरतं.

याचा दुसरा फायदाही मोठा आहे. तुमचा पीएफ कापला जात असेल, तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत पेरोल कंपनीचं नाव आणि तारखा असतात, क्लायंटचं नाव नसतं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तेच बघतात. रेझ्युमेत एक आणि तिथे दुसरंच, असं झालं की तुम्ही खरे असूनही खोटे ठरता. म्हणून रेझ्युमे लिहायला बसण्याआधी ईपीएफओच्या साइटवर लॉगिन करा आणि तारखा जुळवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट. काय करायचो, यापेक्षा काय बदललं ते लिहा. माझ्या जुन्या रेझ्युमेत होतं, "रिग्रेशन टेस्टिंगची जबाबदारी सांभाळली." आता सांगा, टेस्टरने टेस्टिंग नाही सांभाळायचं तर काय कॅन्टीन सांभाळायचं? ते वाक्य मी असं केलं: "हाताने तीन दिवस चालणारं रिग्रेशन सेलेनियम आणि जावा वापरून ऑटोमेट केलं, आता ते एका रात्रीत होतं." काम तेच! पण दुसऱ्या वाक्यात आधी काय होतं, मी काय केलं आणि नंतर काय झालं, हे तिन्ही आलं.

कॉन्ट्रॅक्टवाल्याला हे जास्त लागू होतं. पर्मनंट माणूस घेताना कंपनी पाच वर्षांचा विचार करते. आपल्याला घेताना प्रश्न एकच असतो, हा पहिल्या पंधरा दिवसांत कामाला लागेल का? त्यामुळे "दुसऱ्या आठवड्यापासून स्वतंत्रपणे टेस्ट केसेस" असं काही खरोखर केलं असेल, तर ते पहिल्या पानावर हवंच.

आकडे मात्र तेच लिहा, जे मुलाखतीत समजावता येतील. "कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली" असं लिहिलंत, तर समोरचा विचारणारच, कशाच्या ४० टक्के? मोजलं कसं?

तिसरी गोष्ट. वरच्या चार ओळी. अनुभव किती, मुख्य टूल्स कोणती, शहर किंवा रिमोट, आणि कधीपासून उपलब्ध. पर्मनंटवाल्यांचा नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो. तुम्ही सोमवारी जॉइन होऊ शकत असाल तर तो तुमचा हुकमाचा एक्का आहे, तिसऱ्या पानावर दडवून ठेवू नका. रेट मात्र कागदावर नको, तो फोनवर बोला.

फॉरमॅट साधा ठेवा. दोन कॉलम, टेबल, स्किल्सचे पाच पैकी चार तारे, हे सगळं सॉफ्टवेअर वाचताना गडबडतं. पीडीएफबरोबर वर्ड फाइलही तयार ठेवा, कारण व्हेंडर बऱ्याचदा तीच मागतात. पण आपला रेझ्युमे कोणत्या व्हेंडरने कोणत्या क्लायंटकडे पाठवला, याची नोंद ठेवा. एकाच क्लायंटकडे दोन व्हेंडरकडून तुमचं नाव गेलं, तर भानगड नको म्हणून दोन्ही बाद होऊ शकतात.

आणि आता शेवटची गोष्ट, गॅपची. माझा तीन महिन्यांचा गॅप झाला होता. एका कन्सल्टन्सीवाल्याने फोनवर सांगितलं, "एक्सपिरियन्स लेटर देतो की, पैसे जॉइन झाल्यावर द्या." खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी विचार करत होते. भाड्याची तारीख जवळ आली की माणूस विचार करतोच. मग माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने असंच लेटर लावलं होतं. जॉइन झाला, घरी पेढे वाटले, आणि महिन्याभराने व्हेरिफिकेशनमध्ये पकडला गेला. तो म्हणाला, "नोकरी गेली त्याचं इतकं नाही गं, बाबांना काय सांगू ते कळेना."

मी लेटर घेतलं नाही. रेझ्युमेत एक ओळ लिहिली: "तीन महिने, दोन कॉन्ट्रॅक्टमधला काळ. प्लेराइट शिकले, सरावाचा प्रोजेक्ट गिटहबवर आहे." मुलाखतीत त्या ओळीवर पंधरा मिनिटं बोलणं झालं, आणि सगळं प्लेराइटबद्दल! गॅपबद्दल एकही प्रश्न नाही. ते कॉन्ट्रॅक्ट मला मिळालं, आणि आज मी तिथेच काम करतेय.

नव्या रेझ्युमेने जादू होते असं नाही. नकार त्यानंतरही आले. पण "टिकत नाही का तुम्ही?" हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

तर आजचा होमवर्क. रात्री जेवण झाल्यावर रेझ्युमे उघडा, आणि तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसासारखा अर्धा मिनिट वाचा. काय समजलं, ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!