चीन समजून घेताना : स्वागताध्यक्षीय भाषण



चीनवरची परिषद सोलापुरात कशी, असे काहींनी विचारले. या गावचा एक तरुण १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन बत्तिशीत, तिथेच गेला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे भैय्या चौकातले घर आता स्मारक आहे. सवड काढून जरूर पाहा. मला त्यांच्या त्यागाइतकीच आणखी एक गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले, आणि इतकी चांगली शिकले की तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक त्यांच्याच भाषेत शिकवू लागले.

मी अभ्यासक नाही, टॉवेल विणणारा कारखानदार आहे. आमचे काही माग चीनहून आलेले. पॅनेलवरची सगळी अक्षरे चिनी. आमच्या जुन्या कारागिराने प्रत्येक बटणाखाली पांढरी चिकटपट्टी लावून तेलुगूत लिहून ठेवले : चालू, बंद, ताण. २०२० नंतर एकदा कंट्रोल कार्ड जळाले. तिकडच्या तंत्रज्ञाला व्हिसा मिळेना. दोन माग सात आठवडे कापड टाकून झाकून ठेवले होते. शेवटी व्हिडिओ कॉल लावला, तर मोबाइलवरचे भाषांतर ताण्याला बाणा म्हणू लागले. त्या दिवशी गावभर शोधूनही चिनी येणारा एक माणूस मिळाला नाही. कोटणिसांच्या गावात!

हे दुखणे एकट्या माझ्या कारखान्याचे नाही. चीनविषयी आपण बोलतो ते बहुतेक तिसऱ्याने सांगितलेले असते. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते. आज त्यांचे आपल्या सुमारे पाचपट आहे. हे कसे घडले? आपण सुधारणावादी नेते तंग श्यावफिंग यांचे नाव घेतो, १९८० नंतरचे शेन्झेन सांगतो आणि थांबतो. पण त्याआधी, १९७८ च्या नोव्हेंबरात, आन्हुई प्रांतातल्या श्यावकांग नावाच्या दरिद्री खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. सामुदायिक शेती घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा द्यायचा, उरलेले आपले. कोणी तुरुंगात गेलाच तर त्याची मुले बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. पुढच्याच हंगामात धान्य कितीतरी पटीने वाढले, आणि प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी त्यांना शिक्षा करण्याऐवजी पाठीशी घातले. आमच्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही गोष्ट सांगा. ती त्याला लगेच कळेल. आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा, की शेतकऱ्यांना मोकळीक देणाऱ्या याच पक्षाने १९८९ साली बीजिंगच्या रस्त्यांवर आपल्याच तरुणांवर रणगाडे घातले, आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा घटनेतून काढून टाकली. यातले एक सांगून दुसरे झाकणारा मला चीनचा जाणकार वाटत नाही.

सीमेचा प्रश्न तर आपल्या काळजाचा. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. गावोगाव चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. तरीही २०२०-२१ मध्ये चीनकडून सुमारे ६५ अब्ज डॉलरची आयात होती, ती २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांवर गेली. निर्यात मात्र १४ अब्जांच्या आसपास, म्हणजे तूट ९९ अब्जांची. २०२४ च्या ऑक्टोबरात सीमेवरच्या देपसांग आणि डेमचोकमधल्या गस्तीबाबत समझोता झाला याचा आनंद आहेच. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा विजेच्या गाड्यांना लागणाऱ्या चुंबकांची चिंता आपल्या वाहन उद्योगात पसरली. बंदूक न उचलताही शेजाऱ्याचा हात धरून ठेवता येतो. हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देताना श्रीलंकेनेही ते अनुभवले. व्हिएतनाम आणि फिलिपिन्स हे देश समुद्रात हाच दबाव कसा सोसतात, त्यावर दुपारच्या सत्रात चर्चा आहे. ती चुकवू नका.

अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे. शोधनिबंध मराठीत लिहा, आणि चिनी मुळातून वाचणारी मुले तयार करा. स्वागत समितीने आपल्यापरीने एक ठरवले आहे. परिषदेच्या निधीतून उरेल त्या रकमेतून सोलापुरात चिनी भाषेचा प्राथमिक वर्ग सुरू होईल, कमी पडले तर भर मी घालीन. नावनोंदणीची वही प्रवेशद्वाराशी ठेवली आहे. सकाळपासून त्यात अकरा नावे आली आहेत. पहिली दोन यंत्रमाग कामगारांच्या मुलींची आहेत.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. काही उणे राहिले तर हक्काने सांगा. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे, अशी त्यांना विनंती करतो.